बारकीचं दूध

सरळगावची जीप कुंपणाशी थांबली तेव्हा धोंडाबाईने आधी उतरणाऱ्यांची डोकी मोजली आणि मग डोळ्यांना पदर लावला. डोकी नऊ निघाली. तिने अकरांच्या अंदाजाने तांदूळ काढले होते. म्हणजे दोन पोटांचं उरणार, रात्री गुरांना होईल.

सगळ्यात आधी लहानी उतरली. मीनाची आई. दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्याने रडल्या. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. रडता रडता धोंडाबाईची नजर लहानीच्या खांद्यावरून तिच्या भावाच्या, धाऊमामाच्या हातातल्या पिशवीकडे गेली, त्यातही खोटं काही नव्हतं. पिशवीत वर टॉवेल होता, त्यावर पांढरी टोपी होती, आणि टॉवेलच्या खाली काहीतरी गोल फुगलं होतं.

नारळ.

या घराण्यात बायको गेलेल्या माणसाचं सुतक सासुरवाडीची टोपी डोक्यावर पडल्याशिवाय फिटत नसे. बाराव्याला जेवणं उरकली की सासुरवाडीचा कर्ता माणूस चारचौघांसमोर जावयाला टोपी घाली. नुसती टोपी आली तर विषय संपला. आमची मुलगी गेली, तुम्ही मोकळे. टोपीबरोबर नारळ आला तर त्याचा अर्थ, आमच्या घरात अजून एक मुलगी आहे.

धोंडाबाईला हे कोणी समजावायची गरज नव्हती. एकोणचाळीस वर्षांपूर्वी तिच्या बापाने याच ओटीवर टोपी आणि नारळ आणला होता. तिची थोरली बहीण इथे नांदत होती, ती दोन वर्षांचा भगीरथ मागे ठेवून गेली. अठरा वर्षांची धोंडाबाई मागच्या अंगणात भांडी घासत बसली होती. बायकांनी येऊन तिच्या हातातली राख झटकली, तेव्हा तिला कळलं की आपण आता पाहुणी नाही.

आणि आता अठ्ठ्याण्णव सालातल्या फेब्रुवारीत मीना गेली. धोंडाबाईच्या पोटच्या मुलाची, अनंताची बायको. चोवीस वर्षांची. मंगळवारी सकाळी ओटीवर तांदूळ पाखडत होती. "आत्या, मला कसंतरीच होतंय," म्हणाली आणि सूप मांडीवरून घसरलं. सापगावाहून शहापूर काही लांब नाही, पण तेवढंही तिला पुरलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप लहानपणापासूनच अधू असावी. मागे राहिली चार महिन्यांची मुलगी. तिला प्राजक्ता असं भारीपैकी नाव होतं आणि सगळे बारकी म्हणत.

त्या झडपेवरून भांडायला दोन्ही घरांना भरपूर जागा होती. आजारी मुलगी गळ्यात मारली, असं धोंडाबाईला म्हणता येत होतं. राबवून मारली, असं लहानीला म्हणता येत होतं. दोघींनी आपापलं वाक्य बारा दिवस सुपारीच्या खांडासारखं गालात धरून ठेवलं होतं. चावलं कोणीच नव्हतं.

"पोर कशी हाय हो, ईनबाय?" लहानीने नाक पुसत विचारलं.

"बघा तरी तिला. अंग धरलंय. दूध डब्याचं, पन तुमच्या धाकटीचा, प्रेमाचा हात गुणी. सगळी तुमच्या प्रेमाची करणी."

हे वाक्य धोंडाबाई जेवणं होईपर्यंत सात वेळा म्हणाली, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा मोठ्याने. धाऊमामाने ते पहिल्याच वेळी ऐकलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

*

घरामागे गोठा होता आणि गोठ्याला दोन दारं होती. एक धोंडाबाईच्या स्वयंपाकघरात उघडे, दुसरं भगीरथ आणि त्याची बायको शकू यांच्या. गेल्या शिमग्यात शकू आणि मीना या दोन जावांचं बिनसलं, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि चुली वेगळ्या झाल्या. पाटा धोंडाबाईकडे राहिला, वरवंटा शकूने उचलून नेला. तेव्हापासून दोन्ही घरं मिरची शेजारून वाटून आणत होती. गोठा तेवढा एकत्र राहिला, कारण दोन बैलांची जोडी फोडायची कशी यावर बोलणी अजून चालू होती.

भिंत घातली त्या दिवशी शकू पाच माणसांसमोर बोलली होती, "ह्या चुलीचं मी जलमभर काय घेणार नाय, आणि माझ्या चुलीचं ह्यांना काय देणार नाय." भगीरथला बायकोच्या या शब्दाचा इतका अभिमान वाटे, की तो आसनगावला कारखान्यात कामाला जाई तिथेही त्याने हा शब्द दोन-चार वेळा सांगितला होता.

आता ही शकू पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली होती आणि तिच्या पदराखाली बारकी चुटूचुटू दूध पीत होती.

"कोन कोन आलं?" शकूने विचारलं.

"आई, धाऊमामा, आनखी सात जणं," प्रेमा म्हणाली. ती मीनाची धाकटी बहीण. अठरा पुरी होऊन दोन महिने झालेले. ताई गेली त्याच दिवशी आली ती इथेच राहिली होती.

"मामा रडला का?"

"जीपमधून उतरताना पाय मुरगळला. तेवढ्यापुरता विव्हळला."

शकूला हसू फुटलं. बारकीचं तोंड सुटलं, तिने रागाने हात झाडला आणि पुन्हा जागा पकडली.

हे रोज सात-आठ वेळा चालत होतं. डब्याच्या दुधाला बारकीने पहिल्या दिवसापासून तोंड लावलं नव्हतं. बाटली झाली, चमचा झाला, कापसाची वात झाली. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज बसला. प्रेमा तिला घेऊन गोठ्यात फेऱ्या मारत होती, तेव्हा पलीकडचं दार उघडलं आणि शकू एवढंच म्हणाली, "आन इकडं." तिचा स्वतःचा बंटी दहा महिन्यांचा होता, दूध दोघांना पुरेल इतकं होतं. पाजून झाल्यावर तिने प्रेमाचा हात बारकीच्या डोक्यावर ठेवला. "कोनाला बोललीस तर तुझ्या ताईची शपथ."

प्रेमाने शपथ पाळली. शपथ पाळण्याचा परिणाम असा झाला, की बारकीच्या गालांवर आलेलं सगळं मांस गावाने प्रेमाच्या नावावर जमा केलं.

"शकूताई, मामाने नारळ आनलाय."

शकूचा थोपटणारा हात थांबला. "अनंताभावजींसाठी?"

"मग काय देवीला फोडायला? आत्या सगळ्यांना सांगतात, प्रेमाच्या हातानं पोर वाढली. मामा म्हनतो, देवानंच जुळवून आनलंय. आई काय बोलत नाय. माझा सोमवारी इंग्रजीचा पेपर हाय, बारावीचा."

"हॉलतिकीट आलंय?"

"बॅगेत हाय. ताई गेली त्याच्या आदल्या दिवशी मिळालं." प्रेमा शकूसमोर उकिडवी बसली. "मला शपथेतून सोड. मी पाजत नाय, तुमी पाजता, एवढं सांगितलं की सुटले मी."

"तू सुटशील. मी अडकीन. आत्या मरेपर्यंत ऐकवील मला. गेली होती ना तोऱ्यात, आली का नाय वळून? आणि आमचे हे? त्यांनी तर कंपनीत सांगून ठेवलंय माझा शब्द."

"ताईचं पोर हाय."

"म्हनून तर पाजते गो. त्याचा डंका कशाला?"

"मग मी काय करू? लग्न करू?"

गव्हाणीशी बैल शेपटीने माश्या वारत होता. शकू बारकीकडे बघत म्हणाली, "मीनाशी मी अकरा महिने बोलले नाय. ती पन नाय बोलली. धुणं वाळत घालायला मात्र दोघी एकाच टायमाला. ती त्या टोकाला, मी ह्या टोकाला. ती पोटुशी होती तेव्हा मी माझं लवकर आटपायचे आणि सावलीकडची तार तिला सोडायचे. तिनं कधी बघितलं का नाय, कोनास ठाऊक."

"बघितलं होतं," प्रेमा म्हणाली. "बाळंतपणाला आली तेव्हा सांगायची. जाऊ बोलत नाय, पन तार सोडते."

शकूने पदराचं टोक घेऊन तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. शपथेतून काही तिने प्रेमाला सोडलं नाही.

आतून हाक आली. "प्रेमाऽ! ये गो, जेवणं झाली, मामा बोलावतात!"

"जा," शकू म्हणाली. "हिचं अजून व्हायचंय."

*

धाऊमामाने उभ्या आयुष्यात स्वतःचं एकही काम धड तडीस नेलं नव्हतं, आणि म्हणूनच दुसऱ्यांची कामं तडीस नेण्याचा त्याला दांडगा उत्साह होता. ग्रामपंचायतीला तो तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला. लोक मत देत नसत, पण मध्यस्थीला बोलावत. वालाचं बिरडं आणि खीर यथेच्छ झाल्यावर तो ओटीवर खांबाला टेकून बसला, मांडीवर पिशवी घेतली आणि घसा साफ केला.

"झालं ते वाईट झालं. झडपेला कोनी हात लावून बघत नाय, की बाबा, धड हायस का. तेव्हा मागचं सोडा. पोरीला आई पायजे. आईच्या जागी मावशी हाय. घरातलीच. बारा दिवसांत पोरीनं अंग धरलं, हे मी नाय म्हनत, ईनबाय म्हनतात. सकाळधरनं सात वेळा म्हनाल्या."

"आठ," मागच्या बायकांतून कोणीतरी दुरुस्ती केली.

दारात बसलेल्या लहानीने मान खाली घातली. तिच्या मनात सकाळपासून दोन गोष्टी भांडत होत्या. नातीला सावत्र आई नको. उद्या अनंताने कुठली कोण आणली तर बारकीचं काय? आणि प्रेमा? प्रेमाने मास्तरीण व्हायचं ठरवलं होतं. मुरबाडला कॉलेजला जाताना सकाळच्या एसटीत उभ्याने पुस्तक वाचायची. एका मुलीचं वाटोळं देवाने केलं. दुसरीचं आपण करतोय की भलं, हे लहानीला कळेना, आणि कळेना तेव्हा गप्प राहावं एवढंच तिला कोणी शिकवलेलं होतं.

ओटीच्या पार टोकाला, भिंतीपलीकडच्या आपल्या हद्दीत, भगीरथ बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "प्रेमाला विचारलं का?"

"तुझ्या मावशीला विचारलं होतं का, ती इथं आली तेव्हा?" धाऊमामाने जागच्या जागी उत्तर दिलं. "तिचं काय वाईट झालं? बघ की, घर धरून ठेवलंन."

चार जणांनी माना डोलावल्या. धोंडाबाईने डोलावली नाही. पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे अनंताकडे बघत होते.

अनंता भिंतीला टेकून, मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवत बसला होता. त्याच्या लग्नात प्रेमा बारा वर्षांची होती. सरळगावला गेला की तो तिच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या न्यायचा. पुढे ती म्हणाली, भावजी, गोळ्या नको, पेन आना. तेव्हापासून पेन न्यायचा. हे सगळं कोणत्या तोंडाने सांगायचं? नको म्हटलं तर पोरीला आई नको म्हणणारा बाप. हो म्हटलं तर बायकोच्या बाराव्याला बाशिंगाला तयार झालेला नवरा.

"अनंता, तुझं काय म्हननं?" धाऊमामाने विचारलं.

"तुमी म्हनाल तसं," अनंता म्हणाला. अडचणीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आले आहेत, आणि त्याची फेड नेहमी एखाद्या बाईला करावी लागली आहे.

"झालं तर! प्रेमा, पुढं ये. हा नारळ ओटीत घे."

प्रेमा पुढे आली. पंजाबी ड्रेसची ओढणी तिने पसरली नाही. दोन्ही हातांनी मागे धरून उभी राहिली.

"मामा, पोर माझ्या हातचं पीत नाय."

"म्हंजे?"

"एक थेंब पीत नाय. पहिल्या दिवसापासून."

"मग पीते कोनाच्या हातचं?"

"ते मला सांगता येनार नाय."

ओटीवर कुजबुज उठली. एक म्हातारी म्हणाली, बारा दिवस पोर काय वाऱ्यावर वाढली? दुसरी म्हणाली, लग्न टाळायला आजकालच्या पोरी काय काय काढतील. धाऊमामाचा आवाज चढला. "प्रेमा, चेष्टा नको. बारावं हाय आज तुझ्या बहिनीचं."

प्रेमाच्या मनात आलं, शपथ आपल्या तोंडाला आहे, डब्यांना नाही. ती आत गेली आणि दुधाच्या पावडरचे दोन्ही डबे घेऊन आली. ते तिने मामाच्या पुढ्यात ठेवले. मामाने एक उचलून हलवला, झाकणाखाली नख घातलं. आतला पत्रा जसा कारखान्यातून आला तसाच होता. दुसऱ्याचाही.

सगळ्यांना एकदमच एक प्रश्न पडला होता आणि तो विचारायची भीती वाटत होती. लहानी उठून उभी राहिली. "प्रेमा, बारकी कुठं हाय?"

उत्तर पायऱ्यांवरून आलं. अकरा महिन्यांत शकू या बाजूची पायरी चढली नव्हती. ती चढली, डोक्यावरचा पदर दातात धरून. त्याच पदराखाली बारकी होती. ओटीच्या मध्यावर येऊन शकू खाली बसली.

"माझं पीते ती," शकू म्हणाली. "काय म्हनायचं असेल ते म्हना मला. माझा शब्द मोडला, हां, मोडला! पन ह्या पोरीच्या गळ्यात..."

"हळू बोल," धोंडाबाई म्हणाली. "दचकेल ती."

सासू सुनेशी अकरा महिन्यांनी बोलली, ती एवढंच. शकूने आवाज खाली आणला. बारकी खरोखरच झोपायला आली होती.

धाऊमामा धोंडाबाईकडे वळला. "ईनबाय, तुमाला हे ठाऊक होतं?"

"डब्याचं दूध पोर ओकलं की आंबूस वास येतो. ही ओकली तर कधी वास आला नाय. मी काय आज आजी झाले?"

"आणि सकाळपासून प्रेमाची करणी, प्रेमाची करणी, ते?"

"मग काय शकूचं नाव घेऊ? घेतलं असतं, तर ही बया दुसऱ्या दिवशी गोठ्याचं दार लावून बसली असती. मानी हाय ना! पोर उपाशी मेलं असतं. म्हनून प्रेमाचा पडदा लावला." धोंडाबाईने कपाळावर हात मारून घेतला. "मला काय ठाऊक, तुमी पडद्यालाच नवरी समजाल!"

कोणीतरी हसलं आणि बारावं आठवून खोकलं.

"आणि तुमी हो?" शकूने नवऱ्याला विचारलं. तिला त्याचीच धास्ती होती. "तुमाला कळलं नाय एवढे दिवस?"

भगीरथने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "गोठ्याची कडी वाजली की टमरेल घेऊन बाहेर जायचो. दिवसातनं आठ वेळा. गावाला वाटतं मला हगवण लागलीय. परवा एकानं गोळ्या आनून दिल्या."

आता मात्र हसू कोणाला आवरलं नाही. लहानीलाही नाही, तिने तोंडात पदर कोंबला आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले.

धाऊमामा हसला नाही. नारळ अजून त्याच्या हातात होता, आणि हातात नारळ घेऊन हरलेला माणूस फार वाईट दिसतो. "हसा. पन दूध म्हंजे आई नव्हे. वर्सानं दूध तुटेल. मग पोरीला आई कोन?"

हा प्रश्न खोटा नव्हता. हसू थांबलं. लहानीने धोंडाबाईकडे पाहिलं, शकूने पाहिलं, प्रेमाने पाहिलं. सगळं पुन्हा पहिल्या जागी येऊन थांबलं होतं. ज्या बाईचा दाखला देऊन नारळ पुढे झाला होता, ती बाई काय म्हणते यावर आता तो कुठे जायचा ते ठरणार होतं.

"भगीरथ," धोंडाबाई म्हणाली, "तू मला काय म्हनतोस रे?"

"मावशी."

"जलमभर?"

"हां. मग काय म्हननार?"

"हा आई म्हनायला लागला होता. दोन-तीनदा म्हनला. मी ह्याच्या तोंडावर हात ठेवला." ती धाऊमामाशी बोलत होती, पण बघत होती भगीरथकडे. "बहिनीचं घर मी घेतलं. नवरा घेतला. भांडी, लुगडी, सगळं. म्हटलं, ते एक नाव तरी तिचं तिला राहू दे. तेव्हा मामा, पोराला आई पायजे म्हनून मला आनली, आणि पोर वाढलं ते मावशीकडेच. मावशी मी होतेच की. मग माझं लग्न कशाला लावलं, ते मला आजपर्यंत कोनी सांगितलं नाय."

भगीरथ उठला, आपली हद्द ओलांडून आला, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि धोंडाबाईपुढे धरला. "पानी पी, मावशी."

ती प्यायली.

"दादा," लहानी म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच भावाला नीट तोंड वर करून बोलत होती. "नारळ पिशवीत ठेव."

"अगो, पन..."

"ठेव. माझी पोर मावशी म्हनून येईल-जाईल. दिवाळीला येईल, मे महिन्यात येईल. तेवढं बास हाय."

तेव्हा अनंताला वाचा फुटली. तो म्हणाला, "सोमवारी ना पेपर? आजच न्या तिला. जीपमध्ये जागा कमी पडली तर मी मोटरसायकल मागून आनतो." एवढं बोलून त्याने डोकं पुढे केलं. धाऊमामाने त्यावर टोपी घातली. टोपी विकत घेताना त्याने अनंताच्या केसांचा हिशेब धरला होता, मुंडनाचा नव्हे, त्यामुळे ती थेट कानांवर येऊन बसली. अनंताने ती तशीच राहू दिली.

दुःखाच्या घरात सुटकेचा श्वास मोठ्याने सोडायचा नसतो. म्हणून प्रत्येकाने तो आपापल्या रीतीने सोडला. लहानीने पानाचा डबा उघडला. अनंता गुरांना पाणी दाखवायला गेला. धोंडाबाईने खरकट्या पातेल्यांवर सुनेवर ओरडावं तसं ओरडून घेतलं. आणि धाऊमामा? त्याने नारळ टॉवेलमध्ये गुंडाळला आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "तसा हा मी जाताना देवीला फोडायला म्हनूनच आनला होता."

शकू तेवढी अजून ओटीवर होती. बारकी तिच्या मांडीवर झोपली होती. "सगळं झालं," ती म्हणाली, "पन माझा शब्द गेला. पाच जणांसमोर बोलले होते."

धाऊमामाने कान टवकारले. मध्यस्थीला अजून थोडी जागा शिल्लक होती. "काय बोलली होतीस, अक्षर न अक्षर सांग."

"माझ्या चुलीचं ह्यांना काय देनार नाय."

"चुलीचं ना?"

"हां."

"मग दूध काय तू चुलीवर तापवून दिलंस? शब्द जागच्या जागी हाय. कोनी काय बोलला तर माझ्याकडं पाठव. लिहून पायजे तर लिहून देतो."

शकूने सासूकडे पाहिलं. धोंडाबाई म्हणाली, "मामा एवढं शिकलेले हायत, तर खरंच असेल." आणि मग, दुसरीकडे बघत, "रात्रीचं पाजायला गोठ्यातनं नको येऊस. शेणात पाय जातात. पुढच्या दारानं ये."

*

जीप निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रेमाने बारकीला उचललं नाही. झोप मोडली असती. शकूने प्रेमाला गोठ्यातल्या दाराशी गाठून एवढंच विचारलं, "पास होशील ना?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. अनंता कुंपणापर्यंत आला होता. त्याने खिशातून एक पेन काढून दिलं. निळं, साधं. प्रेमाने ते घेतलं.

किन्हवली मागे पडली. दोन्ही अंगांना शेतकरी रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजत होते. खाचरांतून धूर जमिनीला धरून चालला होता. नऊ माणसांत दहावी झालेली प्रेमा मागच्या बाकावर, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक उघडून बसली. पुढे धाऊमामा ड्रायव्हरला सगळी हकीगत सांगत होता, आणि ती सांगताना निकाल हळूहळू त्यानेच दिलेला होत चालला होता. नडगावच्या वळणापर्यंत तर चुलीचा मुद्दा त्याला सकाळीच सुचला होता.

प्रेमाने तीच ओळ चौथ्यांदा वाचली. पान ओलं झालं तेव्हा तिला कळलं. बारा दिवस दुपटी, बाटल्या, शपथ, नारळ. रडायला एक जागा मिळाली नव्हती. जरा डोळे भरले की कोणीतरी म्हणे, बघा, पोरीवर किती माया. त्या मायेला सगळे भलताच भाव लावत होते, म्हणून तिने रडणंच बंद केलं होतं.

आता बंद करायचं कारण उरलं नव्हतं. ती आधी नाकातून रडली, मग तोंडाने, मग पुस्तक पायाशी पडलं तरी तिला भान राहिलं नाही.

धाऊमामा वळला. "आता काय झालं हिला? सगळं मनासारखं झालं ना?"

"ताई गेली, आई," प्रेमा म्हणाली. जसं काही तिला ते आत्ताच कोणीतरी येऊन सांगितलं होतं. "आपली ताई गेली गो."

लहानीने मुलीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून बोटं फिरवली, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरा हळू घे. आता काय घाई नाय."